सरकत्या जिन्यात कोणी अडकू नये म्हणून: नव्या देखरेख कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षा साधनांची ओळख आणि तपासणी

मॉल, रुग्णालय, मेट्रो स्थानक किंवा रेल्वेचा पादचारी पूल अशा ठिकाणी देखरेखीच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती सरकत्या जिन्याची किल्ली लवकर येते, जिन्याची माहिती मात्र सावकाश येते. जिना सुरू कसा करायचा आणि बंद कसा करायचा एवढे दाखवले जाते, देखभालीचे कंत्राट असलेल्या कंपनीच्या तंत्रज्ञाचा फोन नंबर दिला जातो आणि बाकीचे अनुभवाने कळेल असे समजून सोडून दिले जाते. हा लेख त्या बाकीच्या भागातील एकाच विषयापुरता आहे. सरकत्या जिन्यात किंवा सरकत्या मार्गात (पायऱ्या नसलेल्या सरकत्या पट्ट्यात) पाऊल, बोट, केस किंवा कपडा अडकू नये म्हणून कोणती साधने बसवलेली असतात, ती कशी चालतात आणि ती शाबूत आहेत की नाहीत हे तंत्रज्ञ नसलेल्या माणसाने कसे पाहावे, एवढेच येथे सांगितले आहे.

या साधनांचे दोन वर्ग पडतात आणि त्यांतील फरक आधी समजून घेतला पाहिजे. पहिल्या वर्गातील साधने वस्तूला फटीपर्यंत पोहोचू देत नाहीत, किंवा फटच इतकी अरुंद ठेवतात की तिच्यात काही शिरू नये. कडेचे ब्रश, टोकाचा कंगवा (दातेरी पट्टी), पायऱ्यांवरच्या खाचा आणि हँडरेलच्या तोंडावरचे रबरी आवरण ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गात स्विच आणि सेन्सर येतात. काहीतरी अडकल्यावर किंवा एखादा भाग जागचा हलल्यावर ते मोटरचा वीजपुरवठा तोडतात आणि ब्रेक लागतो. नव्या माणसाला दुसरा वर्ग अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्यात वीज आहे, दिवे आहेत, कंट्रोलरवर (जिन्याच्या नियंत्रण पेटीवर) उमटणारे बिघाडाचे सांकेतिक क्रमांक आहेत.

प्रत्यक्षात ब्रेक लागल्यावर जिना जागच्या जागी थांबत नाही आणि तसा थांबूही नये, कारण झटक्याने थांबला तर वर उभी असलेली माणसे तोंडावर पडतील. युरोपातील ईएन ११५-१ हे मानक जगभर बसवल्या जाणाऱ्या अनेक जिन्यांसाठी आधार मानले जाते. सेकंदाला ०.५ मीटर वेगाचा जिना किमान ०.२० मीटर आणि जास्तीत जास्त १ मीटर अंतरात थांबावा, अशी त्यातील अट आहे. ०.६५ मीटर वेगासाठी हीच मर्यादा ०.३० ते १.३० मीटर आहे. एका पायरीची खोली साधारण ४० सेंटीमीटर धरली, तर १ मीटर म्हणजे अडीच पायऱ्या होतात. याचा अर्थ, स्विचने आपले काम अगदी वेळेवर केले तरी फटीत सापडलेले पाऊल पुढे तेवढे अंतर ओढले जाऊ शकते. स्विच अपघाताची तीव्रता कमी करतो, अपघात टाळण्याचे काम फट, ब्रश आणि कंगव्याचे दात यांचे आहे. म्हणून रोजचे लक्ष प्रथम या मुक्या भागांकडे द्यावे आणि स्विचांची परीक्षा तंत्रज्ञासमोर ठरलेल्या दिवशी घ्यावी. पुढचा सगळा क्रम याच विचाराने लावला आहे.

टप्पा पहिला: आपल्या यंत्रात काय आहे आणि काय नाही

सर्वांत आधी कागदपत्रे मागवून घ्यावीत. महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम आला आणि सरकते जिने व सरकते मार्ग लिफ्टच्या जोडीने कायद्याच्या कक्षेत आले. त्यामुळे परवाना आणि शासकीय तपासणीची कागदपत्रे आपल्या कार्यालयात असली पाहिजेत. त्यांच्याबरोबर निर्मात्याची पुस्तिका, यंत्र बसवल्याचे वर्ष, ठरलेला वेग आणि सुरक्षा स्विचांची जागांसह यादी घ्यावी. अशी यादी नसेल तर देखभाल कंपनीकडून ती लेखी मागावी, तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

वर्ष महत्त्वाचे असते, कारण जुन्या यंत्रात आज गृहीत धरली जाणारी अनेक साधने नसतात. कडेचे ब्रश, पायरी नाहीशी झाल्याचे ओळखणारा सेन्सर, हँडरेलचा वेग मोजणारी यंत्रणा आणि तपासणीचे झाकण उघडल्यास जिना थांबवणारा स्विच या चार गोष्टी आपल्या यंत्रात आहेत का, हे नावानिशी विचारावे. जे साधन नाही त्याची उणीव माणसाच्या नजरेने भरून काढावी लागते आणि त्यासाठी ते नाही हे आधी ठाऊक असावे लागते.

यानंतर किल्लीचा स्विच आणि इमर्जन्सी स्टॉपची सर्व लाल बटणे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. मानकाप्रमाणे जिन्यावर दोन स्टॉप बटणांमधील अंतर ३० मीटरपेक्षा आणि सरकत्या मार्गावर ४० मीटरपेक्षा जास्त नसावे. बटणासमोर कुंडी, जाहिरातीचा फलक किंवा सुरक्षारक्षकाची खुर्ची येत असेल तर ती त्याच दिवशी हलवावी.

टप्पा दुसरा: कडेची फट

पायरीच्या दोन्ही बाजूंना जो धातूचा स्थिर पत्रा असतो त्याला स्कर्ट पॅनेल म्हणतात. पायरी चालते, पत्रा स्थिर राहतो आणि दोघांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. पाऊल अडकण्याची ही सर्वांत ओळखीची जागा आहे. बूट कडेला टेकला की त्याचा पायरीवरचा भाग पुढे जाऊ पाहतो आणि पत्र्याला चिकटलेला भाग मागे राहू पाहतो. बुटाचा पदार्थ मऊ असेल तर तो या ओढाताणीत दबतो, पातळ होतो आणि फटीत शिरतो. एकदा टोक आत गेले की मागचा भाग आपोआप ओढला जातो. जिथे पायऱ्या सपाट होऊ लागतात, म्हणजे दोन्ही टोकांजवळच्या वळणांत, तिथे शेजारच्या दोन पायऱ्याही एकमेकींच्या तुलनेत वरखाली होत असतात, त्यामुळे धोका वाढतो.

मऊ पादत्राणांचा हा धोका २००६ नंतरच्या काही वर्षांत जगभर चर्चेत आला. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मे २००८ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की जानेवारी २००६ पासून त्यांच्याकडे अडकण्याच्या ७७ घटनांची नोंद झाली आणि त्यांपैकी दोन सोडून सर्व घटनांत मऊ, लवचीक क्लॉग (पुढून बंद, जाड तळव्याची पादत्राणे) किंवा सपाता होत्या. जपान सरकारनेही त्याच वर्षी क्रॉक्स कंपनीला रचनेत बदल करण्यास सांगितले. आपल्याकडे अशा पादत्राणांच्या जोडीला पावसाळी रबरी चपला आणि गमबूट आहेत. पहिला पाऊस पडला की लहान मुलांच्या पायात तेच दिसतात, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात कडेच्या फटीकडे नेहमीपेक्षा अधिक लक्ष द्यावे.

फटीचे मानक सोपे आहे. कोणत्याही एका बाजूला ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि समोरासमोरच्या दोन्ही फटींची बेरीज ७ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. बेरजेची अट मुद्दाम घातली आहे. पायरी थोडी डावीउजवीकडे सरकू शकते, त्यामुळे एका बाजूला १ मिलिमीटर दिसले म्हणून निर्धास्त होता येत नाही. दुसरी बाजू तेवढीच वाढलेली असते. मोजणी जिना बंद करून, किल्ली खिशात ठेवून, फीलर गेजने (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पात्यांनी) करावी. पायरी हाताने एका बाजूला दाबून दुसरीकडे मोजावे आणि वरचे वळण, मध्यभाग व खालचे वळण अशा तिन्ही ठिकाणची मापे लिहून ठेवावीत. हे काम दर महिन्याला तंत्रज्ञाच्या भेटीत त्याच्याबरोबर करणे सोयीचे पडते, कारण देखभालीच्या पद्धतीने जिना थोडा थोडा पुढे सरकवून निरनिराळ्या पायऱ्या मोजता येतात. फट एखाद्याच पायरीला वाढलेली दिसली तर त्या पायरीचे रोलर किंवा बुश (दांड्याभोवतीचे कडे) झिजल्याचा संशय घ्यावा, आणि सर्वच पायऱ्यांना एका ठिकाणी वाढलेली दिसली तर त्या ठिकाणचा स्कर्टचा पत्रा सरकलेला किंवा वाकलेला असण्याची शक्यता अधिक असते.

फट मोजताना अरुंद दिसली तरी पत्राच दबत असेल तर ती दाबाखाली वाढते. म्हणून मानकात पत्र्याच्या ताठपणाचीही परीक्षा आहे. २५ चौरस सेंटीमीटर जागेवर १५०० न्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो वजनाइतका जोर दिला असता तो ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दबू नये आणि जोर काढल्यावर मूळ जागी यावा. ही चाचणी आपण करायची नसते. पण पत्र्याचे सांधे वरखाली झालेले, स्क्रू निघालेले किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा हलत असल्याचे दिसले तर ती तक्रार लेखी द्यावी. पत्र्याचा गुळगुळीतपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. घर्षण कमी असेल तर बूट घसरून पुढे जातो, चिकटून राहत नाही. काही यंत्रांत पत्र्याला कमी घर्षणाचा लेप असतो, काहींत निर्मात्याने सांगितलेला कोरडा सिलिकॉन फवारा ठरावीक काळाने मारावा लागतो. हा फवारा पायरीवर पडता कामा नये, नाहीतर एक धोका कमी करताना घसरून पडण्याचा दुसरा धोका तयार होईल. सफाई कर्मचाऱ्यांनी खरखरीत घासणीने पत्रा घासू नये ही सूचना त्यांच्या पर्यवेक्षकाला स्पष्ट द्यावी.

आता ब्रश. स्कर्टच्या पत्र्यावर, पायरीच्या थोडे वर, जिन्याच्या संपूर्ण लांबीभर जी केसाळ पट्टी दिसते तिचा उपयोग बूट पुसण्यासाठी आहे असे कित्येकांना वाटते आणि ते खरोखरच तिच्यावर बूट घासतात. ही पट्टी पावलाला कडेपासून दूर ठेवण्यासाठी असते. घोट्याला किंवा बुटाच्या कडेला केस टोचले की माणूस नकळत पाय आत घेतो, आणि साडीचा काठ, ओढणी किंवा परकर यांनाही ती फटीपासून दूर लोटते, म्हणून भारतात तिला साडी गार्ड असेही म्हणतात. पट्टीचे दोन भाग असतात: पत्र्याला बसवलेला ताठ भाग आणि त्यातून बाहेर आलेले लवचीक केस. दोन्ही मिळून ती किमान ३३ आणि जास्तीत जास्त ५० मिलिमीटर पुढे आलेली असावी. टोकाला ती कंगव्याच्या रेषेपर्यंत नेलेली नसते, ५० ते १५० मिलिमीटर आधी संपते, तेव्हा तिथे ती संपलेली पाहून कोणी तोडून नेली असे समजू नये.

रोज सकाळी जिना बंद असताना पट्टीवरून नजर फिरवावी. केस गळून टक्कल पडलेले तुकडे, मुडपून कायमचे वाकलेले केस, सुटलेली टोके आणि पट्टीत अडकलेले धागे ही चिन्हे शोधावीत. धागे दिसणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. एकाच जागी वारंवार धागे सापडत असतील तर तिथे कपडे घासले जात आहेत आणि खालची फट मोजण्याची वेळ झाली आहे. ब्रशचा तुकडा बदलणे हे कमी खर्चाचे काम आहे, आणि त्यासाठी पुढच्या तिमाहीची वाट पाहण्यास सांगणाऱ्या कंत्राटदाराचे ऐकू नये, असे माझे मत आहे.

कडेच्या फटीसाठी स्विचही असतो. अनेक यंत्रांत दोन्ही टोकांना, कंगव्यापाशी, स्कर्टच्या पत्र्याच्या मागे तो बसवलेला असतो. काही अडकून पत्रा बाहेरच्या बाजूला ढकलला गेला की स्विच दाबला जातो. तो टोकांजवळच असल्याने मधल्या भागात कोणी अडकले तर त्याला कळणार नाही, आणि म्हणूनच मधल्या भागाचा भार ब्रशवर व फटीच्या मापावर राहतो.

टप्पा तिसरा: कंगवा

जिन्याच्या दोन्ही टोकांना जिथे पायऱ्या जमिनीखाली जातात तिथे दातेरी पट्टी असते. तिला तंत्रज्ञ कोम्ब म्हणतात. पायरीवर लांबीच्या दिशेने ५ ते ७ मिलिमीटर रुंदीच्या आणि किमान १० मिलिमीटर खोलीच्या खाचा असतात. कंगव्याचे दात या खाचांत किमान ४ मिलिमीटर उतरलेले असले पाहिजेत. त्यामुळे बुटाचा तळवा दातांवर चढतो आणि माणूस जमिनीवर सहज उतरतो. ही कल्पना जिन्याइतकीच जुनी आहे. जेसी रेनो याच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या यंत्रात खाचा आणि कंगवा होते, पण सपाट पायऱ्या नव्हत्या. चार्ल्स सीबर्गर याच्या यंत्रात सपाट पायऱ्या होत्या, पण कंगवा नव्हता, त्यामुळे प्रवाशाला टोकाशी बाजूला वळून उतरावे लागे. ओटिस कंपनीने १९२० च्या दशकात दोन्ही एकत्र आणले आणि आज आपण वापरतो तो जिना तयार झाला.

दात मुद्दाम असे बनवतात की मधे खडा, स्क्रू किंवा टाचेचा तुकडा आला तर ते वाकावेत किंवा तुटावेत, पायरी मात्र वाचावी. म्हणजे तुटलेला दात हा स्वतः बिघाड नसतो, त्याने आपले काम केलेले असते. बिघाड तेव्हा होतो जेव्हा तुटलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवला जात नाही. तिथे एक संपूर्ण खाच उघडी राहते आणि तीत बुटाची नाडी, कपड्याचा काठ किंवा लहान मुलाच्या बोटाचे टोक जाऊ शकते. शेजारचे दोन दात गेले असतील तर धोका त्याहून पुष्कळ मोठा असतो. कंगवा लहान लहान तुकड्यांचा बनवलेला असतो आणि तुकडा दोन-चार स्क्रू काढून बदलता येतो. त्यामुळे सुटे तुकडे आपल्याच भांडारात ठेवून घेण्याचा आग्रह धरावा.

सकाळच्या फेरीत दोन्ही टोकांना गुडघ्यावर बसून, टॉर्चच्या प्रकाशात प्रत्येक दात पाहावा. उभ्याने पाहिले तर तुटका दात दिसत नाही, कारण पिवळा रंग आणि खाचांची सावली डोळ्यांना फसवते. दातांमध्ये अडकलेले खडे, च्युइंगमचे गोळे, तिकिटांचे कपटे आणि केसांचे पुंजके काढून टाकावेत. अर्थात जिना बंद करूनच. कंगव्यावरचा दिवा लागत असल्याची खात्री करावी. जिना सुरू केल्यावर कंगव्याजवळ घासल्याचा किंवा टकटक आवाज येत असेल तर दात खाचेच्या भिंतीला लागत आहे असे समजून जिना पुन्हा बंद करावा.

कंगव्याची पट्टी ज्या तळपट्टीवर बसवलेली असते ती पूर्णपणे घट्ट बांधलेली नसते, जोराने ढकलली गेली तर ती मागे किंवा वर सरकते आणि तिच्याखालचा स्विच जिना थांबवतो. दात तुटूनही न निघणारी कठीण वस्तू मध्ये आली की हे साधन कामाला येते. कंगव्याजवळच्या स्क्रूंवर घाण साचून पट्टी गच्च बसली तर स्विच कितीही चांगला असला तरी त्याला काही कळत नाही, म्हणून या पट्टीची हालचाल मोकळी आहे का हे तंत्रज्ञाला करून दाखवायला सांगावे.

टोकाशी काय होऊ शकते याची कल्पना येण्यासाठी बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरील जून २०२३ ची घटना पुरेशी आहे. तिथे सरकत्या मार्गाच्या टोकाशी एका महिलेचा पाय यंत्रात ओढला गेला आणि तो गुडघ्याच्या वर कापावा लागला. सरकता मार्ग सपाट असतो, म्हणून तो जिन्यापेक्षा सुरक्षित असावा असा सर्वसाधारण समज आहे, पण कंगवा दोन्हींना असतो आणि सामानाकडे लक्ष गुंतलेला माणूस सरकत्या मार्गाच्या टोकाशीच अडखळतो.

टप्पा चौथा: पायरी आणि पायरी यांच्यामधील जागा

शेजारच्या दोन पायऱ्यांमधील किंवा सरकत्या मार्गाच्या दोन फळ्यांमधील फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पायरीच्या उभ्या भागावरही खाचा असतात आणि त्या शेजारच्या पायरीच्या खाचांत गुंतलेल्या असतात, म्हणून बुटाचे टोक उभ्या भागाला टेकलेले असतानाही त्यात सहज ओढले जात नाही. पायऱ्यांची साखळी ताणली गेली की ही फट वाढत जाते. साखळी ताणून धरणारा गाडा ठरलेल्या जागेपासून २० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर स्विचने जिना थांबवला पाहिजे.

याच ठिकाणी दोन सेन्सर विशेष महत्त्वाचे आहेत. पायरीचा रोलर तुटून ती एका बाजूला खाली बसली तर तिच्या खाचा कंगव्याशी जुळत नाहीत. अशी पायरी कंगव्यापर्यंत पोहोचण्याआधीच जिना थांबवणे हे पहिल्या सेन्सरचे काम आहे. दुसरा सेन्सर पायरी जागेवर नसल्याचे ओळखतो आणि तिच्या जागी पडलेले भगदाड प्रवाशांच्या बाजूला येण्याआधी जिना थांबवतो. दुरुस्तीसाठी पायऱ्या काढल्यानंतर हा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून अशा दुरुस्तीनंतर जिना एक संपूर्ण फेरी रिकामा फिरवून सर्व पायऱ्या डोळ्यांनी मोजूनच लोकांसाठी खुला करावा.

टप्पा पाचवा: हँडरेल

हँडरेल टोकाला वळून जिथे आत जाते त्या तोंडाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून १० ते २५ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे मोठ्यांच्या हाताला न येणारा आणि रांगणाऱ्या किंवा बसलेल्या मुलाच्या हाताला नेमका येणारा. तोंडावर रबरी किंवा केसाळ आवरण असते आणि त्याच्या मागे स्विच असतो. बोट किंवा एखादी वस्तू आवरणाला आत ढकलते तेव्हा जिना थांबतो. चारही तोंडांचे आवरण फाटलेले नाही, निघालेले नाही आणि आत कागद किंवा कापडाचा बोळा कोंबलेला नाही हे रोज पाहावे. हे स्विच वारंवार जिना बंद पाडतात अशी तक्रार असते आणि कंटाळून कोणीतरी ते निकामी करून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. तपासणीत हे निदर्शनास आले तर जिना त्याच क्षणी बंद करून वरिष्ठांना लेखी कळवावे.

हँडरेल आणि तिचा मार्गदर्शक पत्रा यांच्यामधील फट ८ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. तसेच हँडरेल पायऱ्यांच्या वेगाने चालली पाहिजे. ती मागे पडू लागली तर धरून उभा असलेला माणूस हळूहळू मागे खेचला जातो आणि पडतो, आणि पडलेल्या माणसाचे केस व कपडे पायऱ्यांच्या फटींच्या अगदी जवळ येतात. नव्या यंत्रांत हँडरेल १५ टक्क्यांहून जास्त मागे पडून तसेच काही सेकंद राहिली तर जिना आपोआप थांबतो. जुन्या यंत्रात स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हँडरेल धरून जावे आणि हात शरीराच्या मागे किंवा पुढे जातो का हे पाहावे.

टप्पा सहावा: टोकाची जमीन आणि डोक्यावरची अडचण

चढताना आणि उतरताना ज्या धातूच्या पत्र्यांवर पाऊल पडते त्यांच्याखाली यंत्राचा खड्डा असतो. चीनच्या हुबेई प्रांतातील जिंगझोऊ येथे जुलै २०१५ मध्ये एका दुकानात वरच्या टोकाचा असा पत्रा पायाखालून सरकला. एका महिलेने आपल्या मुलाला पुढे ढकलून वाचवले, पण ती स्वतः यंत्रात पडून मरण पावली. पत्रा सैल असल्याचे दुकानाच्या कर्मचाऱ्यांच्या काही मिनिटे आधीच लक्षात आले होते, तरी जिना चालूच ठेवला होता. त्या घटनेत कोणत्याही सेन्सरहून उपयोगी पडले असते ते लाल बटण. म्हणून पत्रा पायाखाली डगमगतो, वाजतो किंवा एका कडेने वर आलेला दिसतो आहे असे कोणीही सांगितले तर आधी जिना थांबवावा आणि मग खात्री करावी, उलट क्रमाने नाही. तंत्रज्ञ काम संपवून गेल्यावर सर्व पत्रे जागेवर, सर्व स्क्रू कसलेले आणि कोणताही पत्रा बाहेर ठेवलेला नाही, हे त्याच्या सहीआधी पाहावे.

वरच्या मजल्याचा स्लॅब किंवा शेजारचा आडवा जिना जिथे हँडरेलजवळून जातो तिथे बाहेर डोकावणाऱ्या मुलाचे डोके किंवा हात मधल्या चिमटीत सापडू शकतो. त्या ठिकाणी किमान ३० सेंटीमीटर उंचीची, धारदार कडा नसलेली उभी पट्टी लटकवलेली असावी. ती हललेली किंवा काढून ठेवलेली नसावी, एवढेच पाहायचे असते.

टप्पा सातवा: ट्रॉली नेणारे सरकते मार्ग

मोठ्या दुकानांतील तिरक्या सरकत्या मार्गांवर, ज्यांचा उतार १२ अंशांपेक्षा जास्त नसतो, खरेदीच्या ट्रॉलीची चाके फळ्यांच्या खाचांत बसून जागीच अडकतात आणि कंगव्यापाशी येताच पुन्हा मोकळी होतात. चाके झिजलेली असतील किंवा त्यांना दोरे गुंडाळले असतील तर ट्रॉली कंगव्यावर अडते आणि मागची माणसे व ट्रॉल्या तिच्यावर येऊन आदळतात. त्यामुळे या मार्गाची सुरक्षितता निम्मी ट्रॉलीच्या चाकांवर अवलंबून असते, आणि ट्रॉलीची देखभाल कोणाकडे आहे हे विचारून त्यांच्याशी बोलणे हे आपले काम आहे. इतर दुकानाच्या किंवा वेगळ्या बनावटीच्या ट्रॉल्या या मार्गावर येऊ देऊ नयेत. ट्रॉली वापरल्या जाणाऱ्या मार्गावर टोकाच्या सुमारे दोन-तीन मीटर आधी हाताच्या उंचीवर जादा स्टॉप बटण असावे.

स्विचांची परीक्षा

महिन्याच्या देखभाल भेटीत तंत्रज्ञाबरोबर उभे राहून प्रत्येक सुरक्षा स्विच प्रत्यक्ष चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. हँडरेलच्या चारही तोंडांचे आवरण दाबून, दोन्ही टोकांच्या कंगव्याची पट्टी पहारीने हलवून, स्कर्टच्या मागचे स्विच दाबून आणि तपासणीचे झाकण उघडून प्रत्येक वेळी जिना थांबतो आणि कंट्रोलरवर त्याच स्विचचा क्रमांक येतो, हे पाहावे. हाताने किंवा पायाने फटीत काही घालून परीक्षा घेण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. शेवटी रिकाम्या जिन्यावर स्टॉप दाबून थांबण्याचे अंतर खडूच्या खुणांनी मोजावे आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहावे. अंतर दर महिन्याला वाढत असेल तर मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता ब्रेक तपासून घ्यावा.

कोणी अडकल्यास

कोणी अडकलेले नसलेल्या साध्या प्रसंगी बटण दाबण्याआधी मोठ्याने हँडरेल धरा असे सांगावे. कोणी अडकलेले दिसले तर मात्र शब्द न काढता आधी बटण दाबावे. त्यानंतर जिना उलट दिशेने चालवून पाऊल मोकळे होईल असा प्रयत्न कधीही करू नये, आणि अडकलेल्याला ओढूही नये. कपडा किंवा नाडी असेल तर कात्रीने कापावी. कात्री आणि टॉर्च दोन्ही टोकांजवळच्या पेटीत ठेवलेली असावी. बूट असेल तर पाय बुटातून हळूच बाहेर येतो का पाहावे. पाऊल किंवा बोट अडकले असेल तर तंत्रज्ञ आणि रुग्णवाहिका दोघांना एकाच वेळी बोलवावे, जखमी माणसाच्या शरीराला आधार द्यावा आणि गर्दी दूर ठेवावी. कंगव्याचा तुकडा काढणे किंवा हाताने यंत्र फिरवणे ही कामे प्रशिक्षित माणसाचीच आहेत.

जिना थांबल्यावर त्याची दोन्ही टोके अडथळे लावून बंद करावीत. बंद जिना साध्या जिन्यासारखा वापरण्याची लोकांना सवय असते, पण त्याच्या पायऱ्या नेहमीच्या जिन्यापेक्षा उंच असतात, टोकांजवळ त्यांची उंची बदलत जाते आणि ब्रेकमध्ये दोष असेल तर माणसांच्या भाराने पायऱ्या घसरू लागू शकतात. एखाद्या सुरक्षा स्विचने जिना थांबवला असेल तर तो का थांबला हे कळल्याशिवाय किल्ली फिरवू नये, आणि फिरवताना संपूर्ण जिना नजरेसमोर व रिकामा असावा. लॉगबुकमध्ये वेळ, दिशा, कंट्रोलरवरचा क्रमांक, फटीत किंवा कंगव्यात सापडलेली वस्तू, तुटलेल्या भागाचे छायाचित्र घेतल्याची नोंद आणि पुन्हा सुरू करण्यास संमती देणाऱ्या तंत्रज्ञाची सही एवढे तपशील असावेत, आणि एकाच क्रमांकाचा बिघाड आठवड्यात दुसऱ्यांदा आला तर तो स्विच नव्हे तर त्याच्यासमोरचा भाग तपासण्याची लेखी मागणी देखभाल कंपनीकडे करावी.